सालार दे उयुनी : मिठाच्या मैदानावरून चिलीच्या सीमेपर्यंत

बोलिव्हियाच्या नैऋत्य कोपऱ्यात, समुद्रसपाटीपासून ३,६५६ मीटर उंचीवर, दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं मैदान आहे. सालार दे उयुनी. बहुतेक लोक उयुनी गावातून सकाळी निघतात, पांढऱ्या जमिनीवर फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. ताईचा आणि माझा बेत वेगळा होता. मैदान ओलांडून उत्तर काठावर मुक्काम, मग तेच मैदान उत्तरेकडून दक्षिणेकडे पार करून रंगीत सरोवरांच्या वाटेने चिलीत उतरायचं. एप्रिल निवडला, कारण पाऊस संपत आलेला असतो, काही भागात पाणी साचलेलं असतं आणि बाकीचं मैदान गाडी जाण्याइतपत वाळलेलं असतं.

उंचीबद्दल आधीच सांगते. थेट ला पास या उंचावरच्या शहरात विमानाने उतरून लगेच इकडे यायची घाई करू नका. आम्ही सुक्रेला (२,८०० मीटर) निवांत राहिलो, मग पोतोसीला (४,००० मीटरच्या वर) एक रात्र काढली आणि मगच उयुनी गाठलं. पहिले दिवस जेवण हलकं, पाणी भरपूर, मद्य अजिबात नाही. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पहिला दिवस : उयुनी

पोतोसीहून बसने साधारण चार तास. रस्ता उत्तम, खिडकीतून लामांचे कळप. त्यांच्या कानात मालकाची खूण म्हणून रंगीत लोकरीचे गोंडे ओवलेले असतात.

उयुनी हे गाव रेल्वेमुळे वसलं. १८८९ मध्ये आंतोफागास्ताहून आलेला लोहमार्ग इथे पोचला आणि जवळच्या खाणींमधली चांदी बंदराकडे जाऊ लागली. आंतोफागास्ता पूर्वी बोलिव्हियाचंच होतं; १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात ते चिलीने घेतलं आणि बोलिव्हियाचा समुद्रच गेला. खाणी मंदावल्यावर इंजिनं जिथे होती तिथेच सोडून दिली गेली. गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर ती आजही रांगेने उभी आहेत. खारं वारं पत्र्याला खातं, कडा बोटांनी चुरतात. लहान मुलं बॉयलरवर चढून घसरगुंडी खेळत होती. सकाळी इथे सगळ्या सहलींच्या गाड्या एकदम येतात, म्हणून संध्याकाळी जा. आम्ही गेलो तेव्हा गावातली चार-पाच कुटुंबं सोडली तर कोणी नव्हतं.

रात्री बाजाराशेजारच्या खानावळीत सोपा दे मानी घेतलं, म्हणजे शेंगदाण्याचं सूप. भाजलेले नव्हे, कच्चे दाणे वाटून शिजवतात, त्यामुळे रंग पांढुरका आणि चव सौम्य येते. सोबत ल्याहुआ नावाची टोमॅटो आणि लोकोतो मिरचीची पाट्यावर वाटलेली चटणी. ताई शाकाहारी आहे. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का, हे तिने आधी विचारून घेतलं. हा प्रश्न इथे प्रत्येक ठिकाणी विचारावा लागतो, कारण भाज्यांचं सूप म्हणून समोर येणाऱ्या वाटीतही हाडांचं पाणी असू शकतं.

पैसे इथेच काढून ठेवा. पुढे सीमेपर्यंत सगळा व्यवहार रोख बोलिव्हियानोमध्ये आहे.

दुसरा दिवस : कोल्चानी, इंकाहुआसी, कोकेसा

आमचे चालक उत्तर काठावरच्या गावातले, वय साठीच्या आसपास. घरात आयमारा, बाहेर स्पॅनिश. इथे चालकाला माएस्त्रो म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. गाडी नक्की करताना ताईने सीटचे पट्टे, दोन जादा टायर, फावडं आणि फळ्या आहेत का ते बघून घेतलं. त्यांना त्याचा राग आला नाही. उलट सीट वर करून खालची हत्यारं एकेक करून दाखवली.

उयुनीपासून वीसेक किलोमीटरवर कोल्चानी. इथल्या लोकांचं पोट मिठावर आहे. मैदानावर फावड्याने मीठ ओढून कमरेएवढे शंकू करतात, पाणी निथळलं की ट्रकमध्ये भरून गावात आणतात, भट्टीवर वाळवतात, दळतात आणि त्यात आयोडीन मिसळतात. अँडीजच्या उंच भागात पूर्वी गलगंडाचा त्रास मोठा होता, त्यामुळे आयोडीनला इथे खरा अर्थ आहे. एका खोलीत एक बाई जमिनीवर बसून पिशव्या भरत होत्या. ओंजळीच्या अंदाजाने मीठ पिशवीत टाकायचं, तोंड दुमडायचं आणि गॅसच्या बारीक ज्योतीवरून झर्रकन फिरवायचं. प्लास्टिक वितळून चिकटतं. ज्योत क्षणभर जास्त लागली तर पिशवी फाटते, कमी लागली तर उघडी राहते. त्या बोलता बोलता, ज्योतीकडे न बघता, एकामागून एक पिशव्या बाजूला टाकत होत्या. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाची कातडी गुळगुळीत झाली होती, ठसाच उरला नव्हता. आम्ही त्यांच्याकडून मीठ घेतलं. मिठाचे शोभेचे लामा रस्त्यावर कुठेही मिळतात, पण पिशवीचे पैसे थेट त्या घरात जातात.

मागच्या अंगणात मिठाच्या विटा रचलेल्या होत्या. कुऱ्हाडीने कापलेल्या विटेत पांढऱ्या थरांच्या मध्ये तपकिरी रेघा दिसतात. पावसाळ्यात पाणी साचतं, ते आटलं की मिठाचा नवा थर बसतो आणि कोरड्या महिन्यांतली धूळ मध्ये अडकते. माएस्त्रो विटेवर नख फिरवत म्हणाले, “हे पावसाचं वर्ष, हे दुष्काळाचं.” जाड थर आणि बारीक थर.

मग गाडी मैदानात शिरली. काठावर चिखल असतो, म्हणून दगड-मातीचा उंच बांध आत नेतो आणि तो संपला की रस्ता संपतो. पहिला तासभर बोटभर पाणी होतं. त्यात आकाश खाली उतरलं होतं, क्षितिजाची रेघच नव्हती. माएस्त्रो इथे माणूस चालेल इतक्या वेगाने गाडी हाकत होते. खारं पाणी उडून इंजिनात गेलं की वायरी जातात, आणि फेरी संपली की गाडी गोड्या पाण्याने खालून धुतली नाही तर पत्रा काही वर्षांत संपतो.

आरशाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मला त्याहून जास्त आवडली ती पाणी संपल्यानंतरची जमीन. तिथे षटकोन नुकते उमटत होते, हातभर-दोन हात रुंदीचे, कडांना पातळ मिठाची उंचवट्याची रेघ. मिठाने जड झालेलं पाणी जमिनीखाली उतरतं आणि कमी खारं पाणी वर येतं. हे फिरणं वर्षानुवर्षं चालतं आणि जिथे जड पाणी खाली जातं तिथे वर मिठाच्या कडा साचतात, असं अलीकडच्या संशोधनातून पुढे आलं आहे. गुडघे टेकून मी एका कडेवर बोट ठेवलं. ती ओलसर होती आणि दाबल्यावर बारीक आवाज करून मोडली.

पुढे माएस्त्रोंनी एका जागी गाडी लांब वळसा घालून नेली. मैदानात ठिकठिकाणी कवच पातळ असतं आणि खालून गार पाणी बुडबुडे काढत वर येतं. त्यांना इथे डोळे म्हणतात. दुरून काहीच कळत नाही. त्यांना कसं कळतं, असं ताईने विचारलं तर म्हणाले, “रंग बघा. पांढऱ्यात राखाडी आलं की थांबायचं.” मी बराच वेळ बघत राहिले तेव्हा कुठे तो राखाडी मला दिसायला लागला. दिशा धरायला ते उत्तरेचा तुनुपा ज्वालामुखी वापरतात. ढगांनी तो झाकला की अनुभवी चालकही थांबतात.

सबंध मैदानाच्या पृष्ठभागाच्या उंचीत मीटरभराचाही फरक नाही. म्हणूनच उपग्रहांवरची उंची मोजणारी यंत्रं तपासून घ्यायला शास्त्रज्ञांनी याचा उपयोग केला. नासाच्या आइससॅटसाठी इथे आधी मोजणी झाली होती. हे वाचलेलं होतं, पण डोळ्यांना ते अंतरांमुळे पटतं. इंकाहुआसी बेट समोर दिसू लागलं ते पोचेपर्यंत तासभर तेवढंच राहिलं.

इंकाहुआसी म्हणजे मैदानात वर आलेला खडकाळ डोंगर, अंगभर निवडुंग. ते वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात आणि काही दहा मीटरला पोचले आहेत. खडक हाताला पोवळ्यासारखे खडबडीत लागतात. ही शेवाळाने बांधलेली चुन्याची पुटं आहेत. पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वी इथे शंभर मीटरहून खोल सरोवर होतं आणि हे पाण्याखालचे खडक होते. वरच्या टोकावर उभं राहून, आपल्या डोक्यावर तेव्हा पाणी असेल, असा विचार करून बघा. बेटाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. चढ छोटा असला तरी सावकाश चढा, धाप लागतेच.

उन्हाची टीप इथेच देते, कारण इथेच ती महत्त्वाची आहे. मीठ ऊन खालून वर फेकतं. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या मागे सनस्क्रीन लावा, ओठांनाही. काळा चष्मा बाजूंनी बंद असलेला घ्या.

दुपार उलटल्यावर उत्तरेकडे निघालो. कोकेसाच्या काठाजवळ एक टेम्पो मागच्या चाकांपर्यंत रुतलेला दिसला. बांध सोडून दहा-बारा पावलांवर, काठाच्या चिखलात. माएस्त्रोंनी आम्हाला न विचारताच गाडी वळवली. मागून आणखी दोन गाड्या आल्या, त्याही थांबल्या. इथे रुतलेल्या गाडीला सोडून कोणी जात नाही, आज तुझी तर उद्या माझी. फळ्या निघाल्या, फावडी निघाली, मिठाचे तुकडे खणून चाकांखाली भरले. टेम्पोत किनोआ या इथल्या धान्याची पोती होती, ती आधी उतरवून बांधावर नेली. ताईने आणि मीही दोन पोती धरून ओढली. त्या उंचीवर तेवढ्यानेच छाती भरून आली.

सगळा वेळ एक आजी पोत्यावर बसून चातीवर लोकर कातत होत्या आणि कुठे खणायचं ते ओरडून सांगत होत्या. लोक त्यांचं ऐकत होते. टेम्पो बाहेर निघाल्यावर त्यांनी गाठोडं सोडून सगळ्यांच्या ओंजळीत पिठाची मूठ मूठ टाकली. भाजलेल्या किनोआचं पीठ, साखर घातलेलं, इथे त्याला पितो म्हणतात. थेट सातूच्या पिठाची चव. हसलं की ठसका लागतो, हेही तसंच. ताईने त्यांना सांगितलं की आमच्याकडेही असं पीठ असतं, तर त्यांनी उरलेलं गाठोडं तिच्या हातात दिलं.

तिसरा दिवस : तुनुपा आणि दक्षिणेकडे

कोकेसात एका घरी राहिलो. दगडी भिंती, निवडुंगाच्या लाकडाचं दार, भोकाभोकांचं. रात्री किनोआचं सूप आणि त्यात चुन्यो. हे बटाटे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. चव मातकट असते. पहिला घास मला नको वाटला, तिसऱ्यानंतर आवडू लागला.

सकाळी घरच्या बाईंबरोबर शेतावर गेलो. कापणी चालू होती. किनोआचे तुरे लाल, पिवळे, काही जांभळट. मैदानाच्या काठावरची टपोरी ‘किनोआ रेआल’ इथेच होते. दाण्यावर साबणासारखं कडू आवरण असतं, त्यामुळे पाखरं फार त्रास देत नाहीत, पण खाण्याआधी ते काढावं लागतं. बाईंनी परातीत मूठभर दाणे चोळून दाखवले. फेस यायचा थांबेपर्यंत त्या पाणी बदलत राहिल्या, आणि तेवढ्या गोड्या पाण्याची किंमत त्या गावात काय आहे हे विहिरीच्या तळाकडे बघून कळलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किनोआचं वर्ष जाहीर केलं तेव्हा भाव चढले होते, शहरात गेलेले नातेवाईक परतून जमिनी नांगरू लागले. मग भाव कोसळले आणि ते पुन्हा गेले. नांगरलेली, मोकळी पडलेली जमीन त्यांनी हाताने दाखवली. वारा तिथली माती उचलत होता.

तुनुपाच्या उतारावरचा देखाव्याचा टप्पा गाठायला आम्हाला जवळजवळ तीन तास लागले. शिखर पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे, तिथे वाटाड्याशिवाय जाऊ नये. वाटेत गुहेत बसत्या स्थितीतल्या जुन्या ममी आहेत. किल्ली गावातल्या माणसाकडे असते. वरून अख्खं मैदान दिसतं. काठावरचे लोक सांगतात की तुनुपा ही स्त्री. नवरा कुस्कू दुसरीबरोबर निघून गेला, कडेवर तान्हं बाळ होतं, तिचं दूध आणि आसवं मिसळून हे मैदान झालं. त्यांच्या लेखी मैदानाचं खरं नाव तुनुपाचंच आहे, उयुनी हे पलीकडच्या गावाचं.

दुपारी दक्षिणेकडे निघालो. मिठाच्या कवचाखाली जे खारं पाणी आहे त्यात लिथियम आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी. मैदानाच्या दक्षिण भागात सरकारी कंपनीची बाष्पीभवनाची तळी आहेत, आणि २०२३ च्या अखेरीस तिथे लिथियम कार्बोनेटचा कारखाना सुरू झाला. पाण्यात मॅग्नेशियम फार आणि वर पावसाळा, त्यामुळे इथून लिथियम काढणं चिलीतल्या आताकामाच्या मिठाच्या मैदानापेक्षा अवघड जातं. माएस्त्रोंचा पुतण्या तिथे कामाला आहे. पगार चांगला मिळतो हे त्यांनी मनापासून सांगितलं. मग म्हणाले, “मीठ पुष्कळ आहे. गोडं पाणी मात्र मोजकंच आहे.” सकाळची परात डोळ्यांपुढे असल्यामुळे आम्हाला त्यावर काही विचारावं लागलं नाही.

दक्षिण काठावर मिठाच्या विटांच्या मुक्कामी घरात राहिलो. गरम पाणी ठरावीक वेळच असतं, पोचल्याबरोबर आंघोळ उरकून घ्या. मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री अंथरुणात घ्या, थंडीने उतरतात.

चौथा दिवस : सरोवरं

दिवसभर प्रवास आणि धूळ. कान्यापा आणि एदिओंदा या सरोवरांवर फ्लेमिंगो आहेत, आणि या भागात त्यांच्या तीन जाती एकत्र दिसतात: अँडियन, चिलियन आणि जेम्सचा. जेम्सचा फ्लेमिंगो नामशेष झाला असं मानलं जात होतं, १९५० च्या दशकात तो याच भागात पुन्हा सापडला. पाय लालसर आणि चोच आखूड पिवळी असेल तर तो तोच. दुर्बीण न्याच. पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका. दमवून उडवलेल्या पक्ष्याला इथल्या विरळ हवेत आणि थंडीत त्याची भरपाई करावी लागते.

सिलोलीच्या वाळवंटात वाऱ्याने कोरलेला दगडाचा वृक्ष बघून एदुआर्दो आवारोआ अभयारण्यात शिरलो. १८७९ च्या त्याच युद्धात पडलेल्या बोलिव्हियन वीराचं नाव त्याला दिलं आहे. आम्ही गेलो तेव्हा परदेशी प्रवाशांना तिकीट १५० बोलिव्हियानो होतं; ते जपून ठेवा, बाहेर पडताना तपासतात.

लागुना कोलोरादा ४,२७८ मीटरवर आहे. पाणी विटेसारखं लाल, मध्ये बोरॅक्सची पांढरी बेटं. रंग पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाचा. बहुतेक ठिकाणी खोली मीटरभरही नाही, त्यामुळे फ्लेमिंगो पार मध्यापर्यंत चालत जातात. वारा इतका होता की गाडीचं दार दोघींनी मिळून बंद केलं.

पाचवा दिवस : सीमेपर्यंत

पहाटे साडेचारला निघालो. सोल दे मान्याना इथली वाफेची कुंडं पाच हजार मीटरच्या जवळपास आहेत. वाफ थंड हवेत सर्वांत उंच दिसते, म्हणून एवढ्या लवकर. राखाडी चिखल खदखदत असतो आणि कुंपण नाही; कडेची जमीन पोकळ असते, चालकाच्या मागेच चाला. मग पोल्केसच्या गरम पाण्यात बसलो. सदतीस-अडतीस अंशांचं पाणी, बाहेर गोठवणारी थंडी, त्यातून बाहेर यायला खरंच मन होत नाही.

लागुना व्हेर्देला आठ वाजता पोचलो तर पाणी साधं, फिकट राखाडी. मागे लिकांकाबुर ज्वालामुखीचा शंकू. बाकीच्या गाड्या फोटो काढून सीमेकडे गेल्या. माएस्त्रो म्हणाले, वारा उठेपर्यंत थांबा. ताईने चहाचा थर्मास काढला, तिघं गाडीच्या आडोशाला बसलो. दहा वाजून गेल्यावर पलीकडच्या काठाला एक हिरवी पट्टी दिसली. वारा तळाचा खनिजांचा गाळ ढवळत होता, त्यात तांबं आणि आर्सेनिक असतं. पट्टी रुंदावत आमच्याकडे सरकली आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं सरोवर पोपटी हिरवं झालं. तुमची गाडी स्वतंत्र ठरवलेली असेल तर इथे थांबाच. सामायिक गाडीत हे जमत नाही, आणि माझ्या मते जादा पैसे द्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

इतो काहोनची सीमाचौकी त्यानंतर जवळच. चिलीत फळं, बिया, कच्चं धान्य नेता येत नाही. जे आहे ते अर्जावर लिहून दाखवावं लागतं, लपवलं तर मोठा दंड. आम्ही उरलेलं पितो माएस्त्रोंना दिलं. पुढच्या आठवड्यात ते गाडी बंद ठेवून भावाच्या शेतावर कापणीला जाणार होते. पलीकडचा रस्ता डांबरी आणि सरळ उताराचा, तासाभरात दोन हजार मीटर उतरून आपण सान पेद्रो दे आताकामात असतो.

निघण्यापूर्वीच्या तयारीतल्या दोन गोष्टी. बोलिव्हियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रावर घ्या, नाहीतर परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. आणि कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, उंचीवर बरंही वाटतं, पण पानं किंवा त्याच्या पुड्या सामानात घेऊ नका, भारतात त्यांना बंदी आहे.

आरसाच हवा असेल तर जानेवारी ते मार्च. तेव्हा इंकाहुआसीला बहुधा जाता येत नाही. जून-जुलैत षटकोन पूर्ण उमटलेले असतात आणि रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीसपर्यंत उतरतो. दोन्हीचं थोडं थोडं आणि वर कोकेसाची कापणी बघायची असेल, तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरा.